दुर्बिणीचा कारभारी

(नभोवाणीवरून केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट. परतीच्या पावसाने झाकून टाकलेले आमच्या बेळगावचे आकाश कोजागरीच्या सुमारास एके दिवशी तिसऱ्या प्रहरी अकस्मात निवळले. त्या दिवसांत त्सुचिनशान-ॲटलास नावाचा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. २०२३ च्या आरंभी त्याचा शोध लागला होता. हा पाहुणा पुन्हा फिरकेल तर हजारो वर्षांनी, आणि कदाचित कधीच नाही. तेव्हा मिळालेली संध्याकाळ हातची जाऊ द्यायची नाही असा निश्चय करून मी शाळेतील अकरा मुलामुलींना घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेलो. बरोबर शाळेची लहान दुर्बीण होती, तिला फिरवणारी विजेची बैठक, म्हणजे ज्याला आपण माउंट म्हणतो ते होते, कॅमेरा होता आणि हे सर्व चालवण्यासाठी एका माजी विद्यार्थ्याने प्रेमाने दिलेला जुना लॅपटॉप होता.

लॅपटॉप सुरू केला, धूमकेतूचे नाव सांगितले आणि दुर्बीण डौलाने वळली. वळत वळत ती थेट समोरच्या जोंधळ्याच्या शेताकडे पाहू लागली! मुले हसली; मीही हसलो. पण पुढची पंचवीस मिनिटे हसण्यासारखी नव्हती. त्या लॅपटॉपची मोठी बॅटरी केव्हाच निकामी झाली होती आणि आतले घड्याळ जागे ठेवणारा नाण्याएवढा सेलही संपला होता. वीज तुटली की तो यंत्रात्मा आपला कित्येक वर्षांपूर्वीच्या पहिल्या जानेवारीला जाऊन बसत असे. मी तारीख दुरुस्त केली, वेळ दुरुस्त केली, दुर्बीण वळू लागली. तोच अंधारात कोणाचा तरी पाय वायरला लागला, आणि पुन्हा पहिली जानेवारी. दुसऱ्यांदा सारे जुळवीपर्यंत धूमकेतू क्षितिजालगतच्या धुरकटीत शिरला होता. छायाचित्र मिळाले नाही.

परंतु त्या गडबडीत आठवीतली एक मुलगी आपल्या मामांची साधी द्विनेत्री घेऊन बाजूला उभी होती. डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वाती, आणि दोहोंच्या मध्ये शोधायचे, एवढे मी वर्गात सांगितले होते. तिने शोधले. "सर, शेपटीसकट दिसतोय!" असे ती ओरडली तेव्हा मी पडद्यावर वाकून मिनिटांचा आकडा भरत होतो. दहाही जणांनी तो आळीपाळीने पाहिला. मी मात्र शेवटी पाहिला, तोही ओझरता.

त्या रात्री घरी परतताना मी मनाशी म्हटले की, आता दुर्बिणीला योग्य कारभारी शोधून दिल्यावाचून पुन्हा माळावर यायचे नाही. माजी विद्यार्थ्यांनी काही वर्गणी दिली होती. रक्कम मोठी नव्हती; तीत एकदाच खरेदी होणार होती आणि चुकली तर ती मुलांच्या वाट्याची चूक ठरणार होती. तो शोध घेताना मी जे शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडावे असा विचार आहे. मी काही या विषयातला पंडित नव्हे. चार-पाच वर्षे धडपडून मधल्या पायरीवर येऊन बसलेला एक शाळामास्तर आहे, एवढे ध्यानात ठेवून हे ऐकावे.

पहिला प्रश्न असा की, आकाशाचे छायाचित्र घेण्यास संगणक हवाच कशाला? उत्तर आपल्या पायाखाली आहे. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. एका अंशाचे साठ भाग केले तर एकेक भागास कला म्हणतात, आणि कलेचे साठ भाग केले तर विकला. आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे पंधरा विकला सरकतो. आमच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर ४०० मिलिमीटर आहे. तिला जोडलेल्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जवळजवळ दोन विकला आकाश पाहतो. म्हणजे बैठक थांबलेली असेल तर तारा एक पिक्सेल ओलांडून जाण्यास सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा पुरतो. आणि आम्हांला तर एकेक छायाचित्र तीन-तीन मिनिटे उघडे ठेवायचे असते! तेव्हा दुर्बिणीने ताऱ्यामागे फिरले पाहिजे, आणि नुसते फिरून भागत नाही. दातेरी चाकांत असतातच अशा बारीक उणिवा सतत सुधारीत फिरले पाहिजे.

हे काम पूर्वी माणसे करीत. अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा काच ५१ मिनिटे उघडी होती. दुर्बीण फिरवायला घड्याळाची यंत्रणा होती. पण पुढील पिढ्यांतील निरीक्षक तासन् तास नेत्रिकेला डोळा लावून, धाग्यांच्या फुलीवर एक तारा अडकवून, हातातल्या चक्रीने चुका सुधारीत बसत. थंडीने बोटे आखडली तरी डोळा हलवायचा नाही, असे ते व्रत होते. आज ते व्रत संगणकाने स्वीकारले आहे. मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवतात. तो दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्याचे चित्र घेतो, तारा जागचा किती हलला हे संगणक मोजतो आणि बैठकीला सांगतो, 'किंचित मागे', 'किंचित पुढे'. 'पीएचडी-टू' नावाचा विनामूल्य कार्यक्रम हे काम जगभरच्या हौशी लोकांसाठी वर्षानुवर्षे करीत आला आहे.

याखेरीज संगणकाकडे आणखी कामे असतात. दुर्बीण हव्या त्या वस्तूवर नेणे, कॅमेऱ्याची झडप उघडणे-मिटणे आणि चित्र साठवणे, रात्र थंडावली की नळी आकसते म्हणून नाभी पुन्हा जुळवणे, आणि वस्तू याम्योत्तर ओलांडून पश्चिमेला गेली की बैठकीला उलट बाजूस वळवून काम पुन्हा सुरू करणे. म्हणूनच मी याला कारभारी म्हणतो. वाड्याची मालकी त्याची नसते, पण किल्ल्या त्याच्या कमरेला असतात.

यांतील दुर्बीण नेण्याच्या कामाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तेथेच या यंत्राची खरी करामत दिसते. दुर्बीण वळली की संगणक एक लहानसे चित्र घेतो, त्यातील ताऱ्यांच्या त्रिकोण-चौकोनांची रचना आपल्या जवळच्या तारकासूचीशी ताडून पाहतो आणि काही सेकंदांत सांगतो की, आपण नेमके अमुक बिंदूकडे पाहत आहो. चूक असेल तर तो स्वतःच दुर्बीण सरकवतो. या तारकासूची आयत्या आभाळातून पडलेल्या नाहीत. १८८७ साली पॅरिस येथे ज्योतिर्विदांनी सर्व आकाशाची छायाचित्रे घेऊन सूची करण्याचे ठरवले आणि सुमारे वीस वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. त्यांतला एक पट्टा पुढे आपल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने अंगावर घेतला आणि तडीस नेला. दुसरा एक पट्टा व्हॅटिकनच्या वेधशाळेकडे होता. तेथे चार जोगिणींनी १९१० ते १९२१ या काळात काचेवरील पावणेपाच लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजली. त्या काळी इंग्रजीत 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हे, असे मोजमाप व गणित करणाऱ्या माणसाला लावीत. माझ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. पडद्यावर तीन सेकंदांत उत्तर उमटते, तेव्हा त्यामागे किती डोळे शिणले आहेत हे त्यांना कळावे.

आता मुख्य विषयाकडे वळतो: यासाठी संगणक कोणता घ्यावा?

दुकानात गेलो की आपण सर्वांत बलवान यंत्र मागतो. पण येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. आकाशछायाचित्रणात संगणकाची कामे दोन, आणि ती दोन निराळ्या स्वभावांची आहेत. रात्रीचे काम राखणदाराचे. बळ थोडे लागते, पण डुलकी चालत नाही. दिवसाचे काम गिरणीकामगाराचे. शेकडो चित्रे एकावर एक रचून, गाळून, त्यांतून एक चित्र काढायचे, त्याला भरपूर बळ लागते, पण मध्येच यंत्र बंद पडले तर पुन्हा सुरू करता येते. दुर्बिणीपाशी पहिलवान नेऊन बांधू नये; तो खातो फार. राखणदार वेगळा ठेवावा आणि गिरणीचे काम घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर करावे. हा एक भेद ध्यानात आला की निम्मा खर्च वाचतो.

राखणदाराच्या जागेसाठी उमेदवार चार आहेत.

पहिला उमेदवार लॅपटॉप. तो बहुधा घरात असतोच, पडदा आणि कळफलक त्याच्या अंगचेच असतात, म्हणून शिकाऊ माणसाने आरंभ त्याच्यावरच करावा. परंतु त्याला दुर्बिणीजवळ टेबल लागते, त्याच्या उजेडाने डोळे दिपतात, दव पडले की तो भिजतो, आणि त्याच्यापासून दुर्बिणीपर्यंत गेलेल्या वायरींचे जाळे कोणाच्या तरी पायात येते. माझ्या पायाविषयी मी सांगितलेच आहे. अंधारात लागलेला तो पाय माझाच होता, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

दुसरा उमेदवार मिनी-पीसी. शिलाईच्या डब्याएवढा हा चौकोनी संगणक दुर्बिणीच्या अंगावरच बांधता येतो. इंटेलची 'एन-१००' नावाची चिप २०२३ साली आली. चार गाभ्यांची ही चिप फार थोड्या विजेवर चालते आणि आपल्या कामाला पुरून उरते. काही मिनी-पीसींना पंखाच नसतो, त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही. पुष्कळसे १२ व्होल्टवर चालतात, म्हणजे बैठक आणि कॅमेरा ज्या बॅटरीवर चालतात तिच्यावरच हेही चालेल. पण सारेच १२ व्होल्टचे नसतात, म्हणून घेण्यापूर्वी चार्जरवरील बारीक अक्षरे वाचावीत. यावर विंडोज ही प्रणाली चालते आणि विंडोजवर 'निना' नावाचा विनामूल्य व सर्वांगपूर्ण कार्यक्रम मिळतो. निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून 'ॲस्कॉम' नावाची एक सामायिक बोली ठरवली गेली आहे. बाजारातील बहुतेक बैठका, कॅमेरे आणि नाभीयंत्रे ती बोलतात. हा या उमेदवाराचा सर्वांत मोठा गुण.

तिसरा उमेदवार रास्पबेरी पाय. पत्त्याच्या जोडाएवढी ही संगणकपाटी मुळात मुलांना संगणक शिकवण्यासाठी इंग्लंडात निघाली आणि २०१२ साली बाजारात आली. तिच्यावर लिनक्स प्रणाली चालते; तेथे सामायिक बोलीचे नाव 'इंडी' आणि कार्यक्रमांची नावे 'केस्टार्स' व 'इकॉस'. तीही विनामूल्य आहेत. वीज कमी, वजन कमी, आणि शिकणाऱ्याला आतले सारे उघडून पाहता येते. ज्या घरात एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी आहे तेथे मी हीच पाटी सुचवीन. मात्र तिच्याकडून काम करून घेण्यास चिकाटी हवी. अडले की स्वतः वाचून, विचारून सोडवावे लागते. हिला ५ व्होल्ट लागतात, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीपासून वीज उतरवून देणारा चांगला रूपांतरक घ्यावा. चौथ्या पिढीच्या पाटीला ३ अँपिअर आणि पाचव्या पिढीच्या पाटीला ५ अँपिअरपर्यंत प्रवाह देणारा पुरवठा सांगितलेला आहे. मोबाइलचा जुना चार्जर लावून 'यंत्र मध्येच बंद पडते' अशी तक्रार करणारे मी पाहिले आहेत. शिवाय चौथ्या पिढीपर्यंत या पाटीवर वीज गेल्यानंतर वेळ सांभाळणारे घड्याळ नव्हते. पाचव्या पिढीत ते आले, पण त्याचा सेल वेगळा आणून जोडावा लागतो.

चौथा उमेदवार बंद पेटी. कॅमेरा बनवणाऱ्या कारखान्यानेच ही तयार करून दिलेली असते. झेडडब्ल्यूओ या कंपनीची 'एएसआयएअर' ही त्यांत विशेष प्रसिद्ध. पेटी दुर्बिणीवर लावायची, वायरी जोडायच्या आणि मोबाइलवरून हुकूम सोडायचे. पहिल्याच रात्री चित्र हाती लागण्याचा संभव येथे सर्वांत अधिक, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उणीव एवढीच की, ती बव्हंशी त्याच कंपनीच्या कॅमेऱ्यांशी आणि उपकरणांशी नाते जोडते. आज घेतलेली पेटी उद्याचा कॅमेराही ठरवून टाकते. ज्याला नोकरीधंद्यातून महिन्याला एकच रात्र मोकळी मिळते, त्याने हे बंधन खुशाल पत्करावे. ज्याच्याकडे तीन ठिकाणांहून मिळालेली तीन कंपन्यांची उपकरणे आहेत, त्याने पत्करू नये. आमच्या शाळेचा कॅमेरा एका कंपनीचा, मार्गदर्शक कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा आणि बैठक तिसऱ्या कंपनीची. सारी दानधर्माची संपत्ती. तेव्हा बंद पेटीचा प्रश्नच उरला नाही.

उमेदवार पाहिले, आता परीक्षा कशाची घ्यायची ते सांगतो. जाहिरातीत वेग आणि स्मृती यांचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. माझ्या अनुभवाने रात्र साधते किंवा बिघडते ती मात्र लहान अक्षरांतल्या गोष्टींवर.

पहिली गोष्ट घड्याळ. चार मिनिटांची चूक म्हणजे आकाशात एक अंशाची चूक, म्हणजे पुनवेच्या चंद्राच्या दुप्पट रुंदी. आपली भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्यातला अर्धा तास भरावयास विसरलो की साडेसात अंशांची चूक होते, आणि साडेपाच तासच विसरलो तर दुर्बीण ब्याऐंशी अंश भलतीकडे पाहते. म्हणून संगणक बंद ठेवावा, वीज काढावी, दुसऱ्या दिवशी इंटरनेटशिवाय सुरू करावा आणि वेळ बरोबर आहे का ते पाहावे. ही परीक्षा फुकट आहे. मी ती घेतली असती तर धूमकेतू मिळाला असता.

दुसरी गोष्ट वीज. आमचा हिशेब सांगतो. मिनी-पीसी १२ वॉट, बैठक १० वॉट, थंड केलेला कॅमेरा २० वॉट आणि भिंगावर दव बसू नये म्हणून लावलेले उबदार पट्टे ८ वॉट. एकूण ५० वॉट. आठ तासांच्या रात्रीला ४०० वॉट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ते सुमारे ३३ अँपिअर-तास होतात. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून ती ७० अँपिअर-तासांची हवी. घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पुरेल, पण पन्नास किलोच्या घरातले ते धूड माळावर नेणार कोण? लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची ५० अँपिअर-तासांची बॅटरी सहा किलोंच्या आसपास भरते. महाग असली तरी पाठीला सुख देते. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालवला तर १२ व्होल्टचे २३० करायचे आणि २३० चे पुन्हा १९ करायचे, असा द्राविडी प्राणायाम होतो आणि वाटेत वीज वाया जाते. वायर मात्र जाड घ्यावी. बारीक वायरीत व्होल्टेज उतरते आणि बैठक नेमकी वळताना अडखळते. दोष संगणकाला दिला जातो, अपराध वायरीचा असतो.

तिसरी गोष्ट जोडण्या आणि साठवण. आजच्या एका प्रचलित कॅमेऱ्याचे २६ मेगापिक्सेलचे एक चित्र सुमारे ५२ मेगाबाइट भरते. तीन-तीन मिनिटांची शंभर चित्रे, म्हणजे पाच तासांचे काम, पाच गिगाबाइटांच्या थोडे वर जाते. हे काही फार नव्हे. तीन मिनिटांतून एकदा ५२ मेगाबाइट वाहून न्यायला जुनी यूएसबी-२ ची वाटही चालते. ग्रहांचे छायाचित्रण करणाऱ्याची गोष्ट निराळी. गुरूच्या चलचित्राची हजारो चित्रे काही मिनिटांत उतरवायची असतात, तेथे यूएसबी-३ आणि वेगवान एसएसडी यांना पर्याय नाही. म्हणजे संगणक निवडण्यापूर्वी 'मला तेजोमेघ टिपायचे की ग्रह?' हे स्वतःला विचारावे. रास्पबेरी पाय वापरणाऱ्याने चित्रे इवल्याशा कार्डावर न ठेवता शक्यतो एसएसडीवर ठेवावीत. आणखी एक बारकावा असा की, यूएसबी-३ च्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतात. संपर्क वारंवार तुटत असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा.

चौथी गोष्ट स्वावलंबन. काळोख जेथे चांगला तेथे मोबाइलचे जाळे वाईट. खानापूरच्या रानात, गोव्याच्या सत्तरीत किंवा सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर इंटरनेट मिळेल या भरवशावर जाऊ नये. तारकासूची आधीच संगणकात उतरवून ठेवाव्यात. 'ॲस्टॅप' सारखे विनामूल्य कार्यक्रम त्यांच्या आधारे जाळ्यावाचून आकाश ओळखतात. मिनी-पीसीला पडदा नसतो; तो दुरून मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाहावा लागतो. विंडोजच्या 'होम' आवृत्तीत बाहेरून येणाऱ्या 'रिमोट डेस्कटॉप'ची सोय नसते, 'प्रो' मध्ये असते. 'होम' असेल तर त्या कामाचा दुसरा कार्यक्रम आधी बसवून घ्यावा. आणि झोपी जाण्याची, मध्यरात्री स्वतःला अद्ययावत करून घेण्याची संगणकाची सवय घरूनच मोडून न्यावी. राखणदार झोपला आणि मालक जागा, असा प्रसंग फार केविलवाणा असतो.

आपल्या प्रदेशापुरता एक मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. बैठकीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर करावा लागतो आणि त्यासाठी ध्रुव तारा पाहण्याचा प्रघात आहे. परदेशी पुस्तके लिहिणाऱ्यांच्या देशांत तो डोक्याच्या बाजूला उंच असतो. ग्वाल्हेरला तो क्षितिजापासून सुमारे सव्वीस अंशांवर, इंदूर-बडोद्याकडे बावीस-तेवीस, हैदराबादला साडेसतरा, आणि आमच्या बेळगावला व गोव्यात तर पंधरा-सोळा अंशांवरच राहतो. एवढ्या खाली आंब्याचे झाड, शेजाऱ्याची गच्ची किंवा धुरकट हवा यांतले काही ना काही आड येतेच. अशा वेळी संगणक आकाशाच्या दुसऱ्या भागातील तीन जागी चित्रे घेतो, प्रत्येक ठिकाण ओळखतो, त्यावरून अक्ष कोठे आहे याचे गणित मांडतो आणि कोणता स्क्रू कोणीकडे फिरवायचा ते सांगतो. 'निना' मध्ये ही सोय जोडता येते, 'इकॉस' मध्ये आहे. दक्षिणेकडच्या आपल्या लोकांना हा गुण म्हणजे वरदान आहे. निवड करताना तो असल्याची खात्री करून घ्यावी.

आम्ही काय केले, ते आता थोडक्यात. पंख्यावाचून चालणारा, १२ व्होल्टचा, 'एन-१००' चिपचा मिनी-पीसी घेतला. ८ गिगाबाइट स्मृती पुरली असती, आम्ही १६ घेतली. वर्गणीतील उरलेल्या पैशांतून जाड वायरी घेतल्या, आणि उसन्या बॅटरीवर भागवले. गिरणीचे काम शाळेच्या संगणकशाळेत दिवसा चालते. पण खरेदीपेक्षा मोलाची ठरली ती एक शिस्त. कोणतीही नवी वस्तू माळावर नेण्यापूर्वी शाळेच्या अंगणात सबंध एक रात्र चालवून पाहायची. इंटरनेट बंद ठेवून, वीज एकदा मुद्दाम तोडून, आणि मास्तरांनी हात न लावता. दुसऱ्या अटीमुळे माझा जीव खालीवर झाला आणि तिसऱ्या अटीने मुले शिकली.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच माळावर गेलो. मृग नक्षत्र चांगले वर आले होते. मुलांनी दुर्बीण मांडली, वेळ तपासली, अक्ष जुळवला आणि काम सुरू करून दिले. दर तीन मिनिटांनी पडद्यावर त्या तेजोमेघाचे एकेक चित्र उतरू लागले. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश शाळेच्या कॅमेऱ्यात येऊन जमा होत होता. आणि गंमत अशी की, कोणालाच पडद्यापाशी बसावे लागत नव्हते. कारभारी आपले काम करीत होता. मुले चटईवर उताणी पडून आकाश पाहत होती, आणि त्यांच्या मधोमध मीही.

धूमकेतूचे छायाचित्र नाही याची रुखरुख आहेच. पण संगणक कशासाठी घ्यायचा याचे उत्तर मला त्या चुकलेल्या संध्याकाळीच मिळाले होते. जो आपली मान पडद्यावरून वर उचलू देतो, तो संगणक चांगला. बाकी वेग, स्मृती आणि किंमत यांचा हिशेब त्यानंतर करावा. आणि पिशवीत एक साधी द्विनेत्री सदैव असू द्यावी. तिला घड्याळ लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि आठवीतली मुलगीसुद्धा तिच्या साहाय्याने मास्तरांच्या आधी धूमकेतू गाठू शकते.